झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीचा हिशेब मला कधीच नीट जुळविता आलेला नाही. मुठीत काय आहे हे ठाऊक नसते म्हणून तिला एवढे मोल, की आत काहीच नाही हे पक्के ठाऊक असते म्हणून? सरकारी कचेरीत बारा वर्षे लेखणी झिजविल्यावर एवढे मात्र मला कळून चुकले आहे की, ज्या लिफाफ्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का पडतो, त्यातील मजकुराचा बोभाटा सर्वांत आधी होतो. साधा कागद आवक शाखेतून तीन दिवसांनी टेबलावर येतो. गोपनीय कागद येण्यापूर्वीच त्यातील वार्ता चहाच्या वेळी येऊन बसलेली असते.

मुठी दोन कारणांसाठी झाकल्या जातात. एक मूठ दुसऱ्याची लाज राखण्यासाठी असते, आणि दुसरी आपले अज्ञान लपविण्यासाठी. एच.आय.व्ही. या विषाणूच्या बाबतीत आपल्या समाजाने या दोन मुठींची विलक्षण गल्लत करून ठेवली आहे. हा रोग कशाने होतो, कशाने होत नाही, झाला तर काय करावे, याविषयी चार माणसांत मोकळेपणे बोलायला हवे होते. तेथे आपण गप्प बसलो. अमक्याला तो झाला आहे की काय, याविषयी गप्प बसायला हवे होते. तेथे आपण मनसोक्त बोललो. गेली काही वर्षे हा विषय माझ्या मनात घर करून बसला आहे. तो आपल्या मासिकाच्या वाचकांपुढे मांडावा की नाही, असा विचार क्षणभर आला खरा; परंतु पुढे जे सांगणार आहे त्यावरून तो मांडायलाच हवा असे वाटले.

मी ज्या शहरात नोकरीनिमित्त राहते त्या चेन्नईचा या विषयाशी फार जुना संबंध आहे, आणि त्यात एक मराठी धागाही गुंतलेला आहे. १९८१ साली अमेरिकेत या विकाराची पहिली नोंद झाली आणि १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू सापडला. आपल्याकडे तेव्हा सर्वत्र समजूत अशी की, ही परदेशी लोकांची व्याधी. आपल्या सुसंस्कृत देशात ती यायचीच नाही. १९८६ साली मद्रास मेडिकल कॉलेजातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन यांनी हे गृहीत तपासून पाहायचे ठरविले. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. ते ठेवायला धड जागा नव्हती. काही काळ ते तिच्या घरच्या शीतकपाटात राहिले. पुढे ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासले गेले, आणि त्यांपैकी सहांत विषाणू असल्याचे दिसून आले. भारतात हा रोग पोहोचला आहे, हे त्या दिवशी प्रथम कळले.

सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये व्यापार करणाऱ्या एका मराठी कुटुंबातील मुलगी. विलायतेत, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात काम करून त्या स्वतःच्या गावी परत आल्या होत्या. १९९३ साली त्यांनी आपल्या वडिलांच्या, वाय. आर. गायतोंडे यांच्या, नावाने याच शहरात एड्सवरील संशोधनाचे, शिक्षणाचे आणि उपचाराचे केंद्र काढले. ज्या रोग्यांना स्पर्श करायला इतर कचरत होते, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्या बोलत. एवढेच करून त्या थांबल्या नाहीत. या विषाणूसह जगणाऱ्या तरुण-तरुणींच्या सोयरिकीही त्या जमवू लागल्या. विज्ञानाच्या प्राध्यापिकेने स्थळे जुळवावीत, यात मला एक अस्सल आजीपणाचा भाव दिसतो. २०१५ साली त्या निवर्तल्या आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपण बाहेरगावी राहणारी मराठी मंडळी कर्तबगार मराठी माणसांच्या याद्या करण्यात मोठी तरबेज असतो. संगीत, नाटक, न्यासन, सैन्य, एकही क्षेत्र सोडीत नाही. या यादीत मात्र हे नाव मी फारसे ऐकलेले नाही. त्याचे कारण त्या बाईंच्या कर्तृत्वात नसून त्यांनी निवडलेल्या विषयात आहे, हे सांगायला नकोच.

आरंभीच्या त्या काळात समाज किती घाबरला होता, याची साक्ष आपल्या शेजारच्या गोव्याने दिली आहे. १९८९ साली डॉमिनिक डिसूझा या तरुणाला पोलिसांनी नेले. त्याचा अपराध एवढाच की, त्याने रक्तदान केले होते आणि त्या रक्तात हा विषाणू आढळला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात अशा माणसाला अलग ठेवण्याची तरतूद होती. त्या आधारे त्याला क्षयरोग्यांच्या एका रिकाम्या इमारतीत ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. त्याची आई लूसी डिसूझा मुंबई उच्च न्यायालयात गेली. मुलगा सुटला, पण कायद्याची ती तरतूद न्यायालयाने तेव्हा वैध ठरविली. सुटून आल्यावर डॉमिनिकने आपल्यासारख्यांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ साली तो वारला. एका माणसाला कोंडल्याने रोग कोंडला जात नाही, हे आज शाळकरी पोरालाही पटेल. तेव्हा ते भल्याभल्यांना पटत नव्हते.

माझ्यासारख्या फायलींत वाढलेल्या बाईला त्याहून अधिक जवळचा वाटतो तो १९९७ सालचा एक खटला. एका सार्वजनिक कंपनीत हंगामी मजुरी करणाऱ्या माणसाला, तपासणीत हा विषाणू आढळला म्हणून, काम नाकारण्यात आले. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि जाताना त्याने विनंती केली की माझे नाव उघड होऊ नये. न्यायालयाने ती मान्य केली. म्हणून निकालपत्रात त्याचे नाव आहे ‘एम. एक्स.’ आणि कंपनीचे ‘झेड. वाय.’. जो माणूस आपले काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना धोका नाही, त्याला केवळ या कारणास्तव नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय झाला. हे मी प्रथम वाचले तेव्हा त्या दोन अक्षरांवर माझी नजर खिळून राहिली. आम्ही रोज शेकडो नावे लिहितो. नाव न लिहिण्यानेही एखाद्या माणसाची भाकरी वाचू शकते, हा विचार मला नवा होता.

या साऱ्या अनुभवांतून पुढे संसदेने २०१७ साली एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रणाचा कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. आपण सारे चाकरमाने, म्हणून त्यातील चार गोष्टी येथे सांगते. नोकरी देताना ही तपासणी सक्तीची करता येत नाही. संमतीवाचून कोणाची तपासणी करता येत नाही. या कारणावरून कोणाला नोकरीवरून काढता येत नाही किंवा वेगळी वागणूक देता येत नाही. आणि कर्मचाऱ्याची ही माहिती ज्या कचेरीच्या ताब्यात आहे, तिने ती जपून ठेवावी अशी आज्ञा आहे. शंभर किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अशा तक्रारींसाठी एक अधिकारी नेमावा लागतो. आपल्यापैकी कितीजणांनी आपापल्या कचेरीत त्या अधिकाऱ्याचे नाव विचारले आहे?

कायदा कागदावर राहतो. माणसे चहाच्या टेबलावर राहतात. आमच्या कचेरीच्या अभिलेख कक्षात एक तमिळ गृहस्थ आहेत. त्यांना सारे अण्णा म्हणतात, मीही म्हणते. तमिळ अण्णा आणि मराठी अण्णा हे दोन्ही शब्द वडीलधाऱ्यासाठीच असल्यामुळे मला ती हाक फार आपलेपणाची वाटते. दर तीन महिन्यांनी ते अर्ध्या दिवसाची रजा घेत. रजेचा हिशेब माझ्याकडे आला तेव्हा मी कारण विचारले नव्हते. एके दिवशी त्यांनीच येऊन सांगितले. ‘मॅडम, तुम्ही विचारीत नाही, म्हणून सांगतो,’ असे ते म्हणाले. २००४ साली एका शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत त्यांना हे कळले. कसे झाले, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मधुमेह्याला आपण ‘तुम्ही एवढी साखर कुठे खाल्लीत?’ असे दरडावून विचारीत नाही. तोच सभ्यपणा येथेही पुरेसा असतो.

अण्णांचे दैव असे की, त्याच वर्षी १ एप्रिल २००४ पासून सरकारने या रोगावरील औषधे मोफत देण्यास आरंभ केला होता, आणि ज्या पहिल्या मोजक्या रुग्णालयांत ती मिळू लागली त्यांत ताम्बरमचे छातीच्या विकारांचे रुग्णालय होते. त्याआधी ही औषधे सामान्यांना अप्राप्य होती. वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा संयोग वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला, आणि गरीब देशांतील लक्षावधी रोग्यांची वाट मोकळी झाली. अण्णा २००५ पासून औषध घेत आहेत. पूर्वी दिवसातून दोनदा गोळ्या असत; आता रात्री एकच. त्यांचे सांगणे असे की, पहिली दोन वर्षे त्यांनी मरणाची वाट पाहिली, मग त्याचा कंटाळा आला, आणि त्यांनी मुलगी व्हावी अशी इच्छा धरली. डॉक्टरांच्या सल्ल्याने सारे पार पडले. पत्नीला लागण नाही, २०११ साली जन्मलेल्या मुलीलाही नाही. रात्री नऊ वाजता, बातम्या लागल्या की, मुलगीच बापाला पाण्याचा पेला आणून देते.

पेल्यावरून आठवले. पूर्वीच्या एका कचेरीत अण्णांची बातमी फुटली होती. कोणी फोडली हे कळले नाही. परंतु दुसऱ्या आठवड्यापासून त्यांचा चहाचा पेला वेगळा झाला. त्याच्या बुडाला तांबड्या रंगाचा ठिपका होता. कोणी काही बोलले नाही, ठिपकाच बोलत होता. दोन-अडीच वर्षांनी तेथे कागदी पेले आले आणि ठिपका आपोआप गेला. ‘मला न्याय दिला तो कागदी पेल्याने!’ असे अण्णा हसत सांगतात. परंतु गोष्ट तेथे संपत नाही. १ जानेवारी २०१९ पासून तमिळनाडूत प्लास्टिकचा लेप दिलेल्या कागदी पेल्यांवर बंदी आली आणि काचेचे पेले परतले. तोवर अण्णा आमच्या कचेरीत आले होते. त्या दिवशी सकाळपासून ते अस्वस्थ होते. अकराच्या सुमारास चहावाला पोरगा सारे पेले एकाच परातीत घेऊन आला, आणि त्याच परातीत ते परत गेले. काहीही घडले नाही. काहीही न घडणे हा माणसाच्या आयुष्यात केवढा मोठा प्रसंग असू शकतो, ते मी त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले.

पुढे केव्हातरी मी आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत सुचविले की, संक्रांतीच्या समारंभात या विषयावर एक व्याख्यान ठेवावे. क्षणभर सारे माझ्याकडे असे पाहत राहिले की, मी तिळगुळाऐवजी मिरच्या वाटायला काढल्या आहेत. आमचे एक ज्येष्ठ सभासद, निवृत्त अधिकारी, ज्यांना आम्ही काका म्हणतो, ते म्हणाले, ‘अहो ताई, सणासुदीला हे कसले विषय काढता? आपल्या लोकांत हे नाही.’ मी विचारले, ‘काका, आपल्या लोकांत मधुमेह आहे हे आपण कसे ओळखले?’ ते म्हणाले, ‘तपासून.’ मी म्हटले, ‘मग हे नाही, हे कसे ओळखले?’ काकांनी चष्मा पुसला. त्यांचा तो स्वभाव मला आवडतो. मुद्दा पटला की ते भांडत नाहीत, चष्मा पुसतात.

‘आपल्या लोकांत’ या शब्दांविषयी थोडे लिहायला हवे. रोग-प्रतिबंधाच्या सरकारी कागदांत ‘स्थलांतरित’ असा एक वर्ग असतो. घर सोडून दूर मुलुखात महिनोन्‌महिने एकटे राहणारे पुरुष, त्यांचे एकाकी दिवस, आणि सणाला गावी परतणे, हे त्या वर्गाचे लक्षण. ते वाचताना आपल्या डोळ्यांपुढे ट्रकचालक किंवा गवंडी उभा राहतो. पण आपण ज्याला ‘बदली’ म्हणतो, तेही प्रवासभत्ता मिळणारे स्थलांतरच नव्हे काय? मुलांच्या शाळेसाठी कुटुंब पुण्यात किंवा नागपुरात ठेवून गुवाहाटीला, भोपाळला, विशाखापट्टणला एका खोलीत वर्षे काढणारे कितीतरी गृहस्थ आपल्या मंडळांतून दिसतात. मी कोणावर आरोप करीत नाही. विषाणू वेतनश्रेणी पाहत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. आजमितीस आपल्या देशात सुमारे २५ लाख माणसे त्याच्यासह जगत आहेत. ती सारी परक्यांच्या घरांत राहत असतील, हे गणित कोणत्याही लेखापालाला मान्य होण्यासारखे नाही.

समारंभाचे नाव आम्ही त्या वर्षी ‘हळदीकुंकू’ न ठेवता ‘तिळगूळ’ असे ठेवले. या रोगाने ज्यांचे पती नेले अशा स्त्रिया देशात फार आहेत. ज्या समारंभाच्या दारातून विधवेला परत फिरावे लागते, तेथे या विषयावर बोलणे म्हणजे जिच्यासाठी दिवा लावला तिलाच अंधारात उभे करणे. व्याख्यानाला सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रातील एक तमिळ समुपदेशिका आल्या. त्या तमिळमध्ये बोलायच्या आणि मी मराठीत सांगायचे, असे ठरले होते.

आणि तेथे माझी भाषा अडली. एम.ए. मराठीची पदवी गाठीशी असताना मला लक्षात आले की, शरीराच्या निम्म्या व्यवहारासाठी आपल्या मराठीत दोनच प्रकारचे शब्द आहेत: शिवीचे आणि संस्कृतचे. शिवीचे शब्द तोंडातून निघत नाहीत. संस्कृत शब्द निघतात, पण ते ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत जातात आणि तेथूनच नमस्कार करून परत येतात. १९६८ पासून या देशात सरकारी ‘निरोध’ विकला जातो. तो शब्द प्रत्येकीला ठाऊक होता. पण मी तो उच्चारला तेव्हा सभागृहातील प्रत्येक बांगडी एकदम स्थिर झाली. समुपदेशिकेने पिशवीतून लाकडी प्रतिकृती काढून वापराची रीत दाखवायला सुरुवात केली, तशा साऱ्या माना खाली गेल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतील सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी चष्मा सारखा केला आणि ठणठणीत आवाजात म्हटले, ‘बाई, मला नीट दिसत नाही, जरा पुढे धरा!’ एकच हशा पिकला. त्या हशाने जे काम केले ते माझ्या पदवीने झाले नसते.

त्यानंतर बोलणे सोपे झाले. लागणीच्या वाटा मोजक्या आहेत: निरोधावाचून झालेला शरीरसंबंध, लागण झालेले रक्त, एकाची सुई दुसऱ्याने वापरणे, आणि गर्भारपणी, प्रसूतीच्या वेळी किंवा दुधातून आईकडून बाळाकडे. हस्तांदोलनाने, एका ताटात जेवल्याने, एक शौचकूप वापरल्याने, खोकल्याने किंवा डास चावल्याने हा रोग होत नाही. सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहते, आधी आणि नंतर कोणीतरी समजावून सांगते. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर ती तपासणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे लागते. १०९७ या क्रमांकावर दूरध्वनी केला तर घरबसल्या माहिती मिळते.

प्रश्न तोंडाने कोणी विचारणार नाही, हे आम्ही जाणून होतो. म्हणून लाडवांचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवला होता. त्यात बिननावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठ्या मराठीत, म्हणून त्या उघडून तमिळमध्ये सांगण्याचे काम माझ्याकडे आले. एकीने विचारले होते, केशकर्तनालयातील वस्तऱ्याने होतो का? उत्तर: धोका अत्यल्प, तरी पाते नवे मागावे, ते इतर रोगांसाठीही बरे. एकीने, बहुधा रुग्णालयात काम करणाऱ्या एखाद्या भगिनीने, विचारले की रुग्णाची सुई बोटाला टोचली तर? उत्तर: ताबडतोब रुग्णालयात जावे, ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर औषध सुरू करून ते २८ दिवस घेतले तर लागण टाळता येते. लग्न ठरविताना तपासणी मागणे हा अपमान नाही का, असेही कोणी विचारले. समुपदेशिका म्हणाल्या, ‘दोघांनी मिळून, स्वखुशीने केली तर नाही, एकाने दुसऱ्यावर लादली तर आहे.’ ‘नवरा तपासून घ्यायला नाही म्हणतो, मी काय करू?’ या चिठ्ठीला त्यांनी बराच वेळ दिला. आधी स्वतःची तपासणी करा, केंद्रात येऊन बोला, त्यांना बोलावण्याची युक्ती आपण मिळून काढू, असे त्यांनी सांगितले. या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, हेही त्यांनी लपविले नाही.

शेवटची चिठ्ठी चार वेळा दुमडलेली होती. तीत लिहिले होते: ‘मला आहे. औषध चालू आहे. मूल हवे आहे. विचारायला कोणी नाही.’

मी ती आधी मनात वाचली. मग तमिळमध्ये सांगितली, आणि मग, थोडा श्वास घेऊन, मराठीत मोठ्याने वाचली. सभागृहात साठ-सत्तर स्त्रिया होत्या. ‘आपल्या लोकांत हे नाही’ या वाक्याचा निकाल त्या चार ओळींनी लावला होता. प्रत्येक जण आपल्या शेजारणीकडे पाहण्याचे टाळीत होती, आणि त्या टाळण्यात मला कुतूहलापेक्षा जपणूक अधिक दिसली.

समुपदेशिका खुर्चीतून उठल्या आणि कोणाकडेही न पाहता सर्वांना उद्देशून बोलल्या. होय, मूल होऊ शकते. नियमित औषधाने रक्तातील विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. तो तसा राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे कोणा एकाचे मत नव्हे. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २०११ साली दाखवून दिले की, औषध लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, आणि त्या जोडप्यांत आपल्या चेन्नईची आणि पुण्याचीही जोडपी होती. पुढे युरोपात झालेल्या अभ्यासांत, ज्यांचा विषाणू दबलेला होता अशांकडून जोडीदाराला एकही लागण झालेली आढळली नाही. काहीच उपाय न केल्यास आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचाराने ते ५ टक्क्यांच्या खाली येते. यासाठी गर्भ राहण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे, औषध एक दिवसही चुकवू नये, प्रसूती रुग्णालयात व्हावी, बाळाला जन्मतःच औषध सुरू करावे आणि सहाव्या आठवड्यात त्याची पहिली तपासणी करावी. अंगावर पाजण्याविषयी डॉक्टर सांगतील तसे करावे. खोकला रेंगाळला तर क्षयाची तपासणी करावी, कारण या रोगात क्षय हा मोठा वैरी. ‘आणि,’ त्या शेवटी म्हणाल्या, ‘विचारायला मी आहे.’ मग त्यांनी आपल्या केंद्राचा पत्ता दोनदा सांगितला. मी तो मराठीत तीनदा सांगितला.

आता माझी अडचण सांगते. माझे निम्मे आयुष्य हस्ताक्षरे वाचण्यात गेले आहे. सही न पाहता केवळ टिपणाच्या वळणावरून ते कोणाचे, हे मी ओळखते. त्यातून आमच्या मंडळाच्या वर्गणीची वही माझ्याकडे असते, आणि तीत प्रत्येकीने स्वहस्ते नाव लिहिलेले आहे. ती चिठ्ठी कार्यक्रम संपेपर्यंत माझ्या मुठीत होती. घरी जाऊन वही उघडली असती तर पाच मिनिटांत मला कळले असते. कळल्यावर मी वाईट वागले असते, असे नाही. कदाचित मदतच केली असती. पण ती बाई माझ्याकडे मदत मागायला आली नव्हती. तिने एका डब्यावर विश्वास टाकला होता. रात्री मी त्या साऱ्या चिठ्ठ्या न पाहता एकत्र कालविल्या, फाडल्या आणि चुलीच्या जाळावर धरल्या. वर्गणीच्या वहीतील आकडे मी अजूनही दर महिन्याला जुळविते. अक्षरांच्या वळणाकडे पाहायचे नाही, याची सवय करून घ्यायला मात्र थोडे दिवस लागले.

ती भगिनी केंद्रात गेली की नाही, तिला मूल झाले की नाही, हे मला ठाऊक नाही. मंडळात त्यानंतर दोन-तीन बारशी झाली. प्रत्येक बारशाला मी सारख्याच आनंदाने गेले आणि घुगऱ्या खाऊन आले.

पुढच्या वर्षी काका आपण होऊन बैठकीत म्हणाले की, पुरुषांसाठीही असे व्याख्यान ठेवायला हवे. सारे चकित झाले. काकांनी चष्मा पुसला. ‘तो लाडवांचा डबा आहे ना, त्याला एक कुलूप लावून घ्या,’ ते म्हणाले, ‘बायका धीट असतात. आमच्या लोकांना लिहायला कुलूप लागेल.’ दुसऱ्याच दिवशी मी कचेरी सुटल्यावर लहानसे पितळी कुलूप विकत घेतले आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या समुपदेशिकेच्या हवाली केल्या.